साक्षीदाराला काही मिळत नाही

मी, तविन पोंगसाई, वय एकोणपन्नास, धंदा खडे भाजण्याचा, राहणार नदीकाठची गल्ली, चांताबुरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने लिहितो. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणाच्या धाकाने नाही. लिहिताना मी पूर्ण शुद्धीवर आहे. नऊ वर्षांपूर्वी फळांच्या जत्रेच्या पहिल्या सकाळीही मी असाच शुद्धीवर होतो. त्या सकाळी रत्नबाजाराच्या मंडपात भिक्खूंसमोर गुडघे टेकून मी सगळ्यांबरोबर पाच शीले म्हटली. ‘अदिन्नादाना वेरमणी’ हेही म्हटले, न दिलेले घेणार नाही म्हणून. आवाज कापला नाही. आणि पठण संपता संपता खाणवाल्या घराण्याच्या मालकीणबाई, कुन नाय प्रयोंग, यांचा पुष्कराज चोरला.

पुढे कोणाला शंका आली की या माणसाची बुद्धी ठिकाणावर होती का, तर होती. दोन्ही वेळा होती.

प्रकृतीविषयी लिहायचे तर माझी छाती भट्टीच्या धुळीने भरली आहे. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला तेव्हा मला तो खड्यासारखा दिसला. आत बारीक धाग्यांचे जाळे. खड्यात असे जाळे असले तर किंमत वाढते, असे मी बाईंना म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. बायको नाही, मूल नाही. एक धाकटी बहीण, लमुन. तिने हे शेवटपर्यंत वाचावे, मग रागवावे.

कलम पहिले. घराविषयी.

नदीकाठचे लाकडी घर, मागचे अंगण आणि अंगणातली पत्र्याची शेड हे सर्व माझ्या कमाईचे आहे. त्यातली किती कमाई सरळ होती ते पुढे येईलच. हे घर मी कुन नाय प्रयोंग यांना देतो. पुष्कराजाची भरपाई या घराने होत नाही हे मला माहीत आहे. त्यांच्या स्वयंपाकघराएवढे तरी ते भरेल की नाही कोण जाणे. तरी माझ्याकडे याहून मोठे काही नाही. त्यांनी नाकारले, किंवा कायद्याने त्यांना घेता आले नाही, तर घर लमुनला जावे.

लमुन, तुझ्या मुलींसाठी हे घर होते हे मी विसरलेलो नाही. ज्याचे आधी घेतले त्याला आधी द्यायचे, एवढाच हिशेब मला जमला.

कलम दुसरे. चोरीविषयी.

मृत्युपत्रात चोरीचे कलम नसते. पण वस्तू कोणाची हे सांगितल्याशिवाय ती द्यायची कशी, म्हणून लिहितो.

कुन नायच्या यजमानांच्या आजोबांनी हा पुष्कराज आपल्या खाणीतून काढला. म्हणून गाव त्याला ‘आजोबा’च म्हणायचे. रंग जुन्या तांदळाच्या दारूसारखा, आणि आगीचा स्पर्श नाही. आमच्या बाजारात बहुतेक खडे भट्टीतून जातात, रंग उघडतो, डाग जातात. आजोबा कच्चे होते. त्यांच्या पोटात रेशमासारखे बारीक पांढरे धागे होते, आणि कच्च्या खड्याची ती खूण असते. आचेने ते धागे विरघळतात आणि पुन्हा कधी येत नाहीत.

दरवर्षी जत्रेच्या पहिल्या सकाळी भिक्खू येत, कुन नाय आपल्या हाताने आजोबांना पात्रातल्या पाण्यात ठेवत, भिक्खू वर मोगऱ्याची फुले सोडत आणि जयमंगलाचे पठण करत. नंतर खडा काचेच्या पेटीत जाई आणि जत्राभर लोक तो बघत. मी तरुणपणी काही वर्षे चीवर घेतले होते. शिकलो तेही गावच्या विहारातच. त्यामुळे भिक्खूंना आणणे, पात्र मांडणे, खडा पाण्यातून काढून पुसणे ही कामे माझ्याकडे असत. चीवर उतरवलेल्या माणसावर गाव विश्वास ठेवते.

त्याआधी मी चोरी केली नव्हती असे नाही. त्याचे वेगळे कलम आहे. पण गरिबीने केली, आजारपणाने केली, असे मला लिहिता येत नाही. मला ती जमत होती. ज्याला एखादी गोष्ट फार नीट जमते त्याला ती न करणे जड जाते. याहून बरे कारण माझ्याकडे असते तर ते मी आधीच कोणाला तरी सांगितले असते.

दोन वर्षे मी तयारी केली. त्याच मापाचा, त्याच पैलूंचा खडा घडवला आणि माझ्याच भट्टीत त्याला रंग आणला. कच्चा, रेशमाचा जुळा मिळाला नाही. म्हटले, काचेपलीकडून रेशीम कोण बघतो.

त्या सकाळी बदलीचा खडा पुसायच्या पांढऱ्या कापडाच्या घडीत होता. पठण संपले, सगळ्यांची डोकी खाली होती. मी पात्रात हात घातला, फुलांखाली आजोबांना नुसते स्पर्शून हात बाहेर काढला आणि कापडातला खडा पुसून पेटीत ठेवला. आजोबा पाण्यातच राहिले. मग आमच्या विहाराचे थोरले भिक्खू, ज्यांना आम्ही लुआंग पो म्हणतो, त्यांनी तेच पात्र घेऊन ते पाणी झाडूच्या काड्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर शिंपडले. कुन नायनी डोळे मिटून घेतले. त्यांचा खडा ज्या पाण्यात बुडालेला, तेच पाणी त्यांच्या केसांवरून ओघळत होते.

उरलेले पाणी पिंपळाच्या मुळाशी ओतायचे असते. मी पात्र उचलून निघालो. दाराशी फौजदार सवेंग बंदोबस्ताला होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची झडती चालली होती. माझ्या हातात पात्र बघून त्यांनी दोरी वर धरली आणि पात्राला हात जोडले.

पवित्र पाण्यात हात घालून कोण बघणार? चोरी लपवायला मी जी जागा निवडली ती त्यांच्या श्रद्धेतली होती. रात्री आठवते ते हेच. खडा नाही, ते जोडलेले हात.

कलम तिसरे. भट्टीविषयी.

माझी भट्टी कोणी विकत घेऊ नये. फोडावी, विटा नदीच्या बांधाला द्याव्यात. खडे भाजायच्या मुशी असतील तेवढ्या फोडाव्यात. कारण पुढीलप्रमाणे.

फौजदार सवेंग दरवर्षी त्या पेटीशेजारी उभे राहत. उभ्या उभ्या करणार काय, खड्याकडे बघत. कंटाळलेला माणूस काय काय पाठ करतो याचा मी विचार केला नव्हता. त्या दुपारी त्यांनी काचेला नाक लावले आणि म्हणाले, “आजोबांच्या पोटातलं रेशीम गेलं.”

कुन नायना बोलावणे गेले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि भिंग खाली ठेवले. “काही गेलं नाही. फौजदार, डोळ्यांना औषध घाला.”

“तपासायला पाठवू या, कुन नाय. एका दिवसाचं काम आहे.”

“आजोबांना मी दवाखान्यात नेणार नाही.”

तीन पिढ्या मिरवलेला कच्चा खडा तपासात भाजलेला निघाला, तर गाव चोराचे नाव घेणार नाही, घराण्याचे घेईल. हे मला आधीपासून माहीत होते. माझी खरी भिंत तीच होती.

तिसऱ्या दिवशी फौजदार एकटेच माझ्या शेडमध्ये आले. तांदळाचा रांजण पाहिला, गाद्या पाहिल्या, माशांच्या चटणीच्या बरणीतसुद्धा चमचा फिरवला. मग स्टुलावर बसले.

“त्या सकाळी खड्याला दोघांचेच हात लागले, तविन. एक कुन नाय, एक तू.”

“आणि बुद्धाचा आशीर्वाद, पी.” आमच्यात थोरल्याला पी म्हणतात. ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे.

“बुद्धाची झडती नंतर घेईन. भट्टी थंड का आहे?”

“डिझेल नाही.”

“ते कोपऱ्यातले डबे काय नारळाच्या पाण्याचे आहेत? मूस आत भरलेली दिसते. पेटव. मी बसतो.”

आजोबा त्या मुशीत होते, स्वस्त खड्यांच्या मधोमध, मातीच्या लेपात. कच्चा खडा कोणी भट्टीत लपवील असे कुठल्याही खडेवाल्याच्या मनात येणार नाही, म्हणून ती जागा. फौजदारांना ते माहीत नव्हते. त्यांना एवढेच बघायचे होते की मी कचरतो का.

मला कचरायचे नव्हते. एक शब्द बोललो असतो तर खडा वाचला असता, मी गेलो असतो. मी भट्टी पेटवली. ते दिवसभर बसले. दुपारी खेकड्याच्या शेवया मागवल्या, अर्ध्या मला दिल्या. मी त्या खाल्ल्या. आत आजोबा भाजत होते आणि फौजदार माझे तोंड बघत होते. संध्याकाळी ते उठले. “चुकलं असेन तर माफ कर,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मूस फोडली. खडा पूर्वीपेक्षा झळझळीत निघाला, सोन्यासारखा. एका कडेला केसाएवढी चीर. आत काही नाही. स्वच्छ, रिकामा.

फौजदारांचे म्हणणे खरे ठरवणारी एकच गोष्ट जगात होती, ते रेशीम. ते मी त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्याच समोर जाळले. आता खडा परत ठेवला असता तरी कोणी आजोबांना ओळखले नसते. यानंतर फक्त माझे तोंड उरले होते, आणि ते मी बंद ठेवले.

हे त्यांना कळावे की न कळावे यावर मी बरीच वर्षे विचार केला. कळले तर त्यांना जन्माची टोचणी लागेल. पण टोचणी माझी आहे, त्यांच्यापासून लपवून मी ती एकट्याची करू शकत नाही. म्हणून लिहिले.

कलम चौथे. भिंगाविषयी.

माझे पितळी भिंग बाजाराच्या तोंडाशी कॉफी विकणाऱ्या हिया कुआंगला द्यावे. ‘रेशीम-फौजदार’ हे नाव त्याने ठेवले. फौजदार कॉफी घ्यायला आले की तो पेल्यात डोकावून म्हणायचा, “बघा बरं साहेब, आतलं रेशीम कोणी चोरलं नाही ना?” सगळी गल्ली हसायची. मीही हसलो आहे. लहान पोरे त्यांच्यापुढे तोंड उघडून विचारायची, “काका, माझ्या दातात आहे का रेशीम?” फौजदारांच्या घरच्या वहिनी बाजारात यायच्या बंद झाल्या. तपासणीचा हट्ट सोडला नाही म्हणून वरिष्ठांनी फौजदारांना सीमेवरच्या चौकीत टाकले. बढती गेली ती गेलीच.

हिया कुआंग, पुढच्या वेळी हसण्याआधी या भिंगातून बघ. मला ते जमले नाही.

कलम पाचवे. बँकेतल्या पैशांविषयी.

अनेक वर्षे मी गिऱ्हाइकाला सांगत आलो की तुमचा खडा आचेला तडकला, आणि तडकलेला दुसराच एखादा त्याच्या पुडीत बांधून दिला. आमच्या धंद्यात खडे तडकतातच, कोणी भांडत नाही. नशीब म्हणतात आणि जातात. माझ्या खात्यातले पैसे, कितीही असोत, अशा लोकांचे आहेत. ज्याचा खडा माझ्या भट्टीत ‘तडकला’ त्याने यावे आणि घेऊन जावे. पुरावा मागू नये. खोटे सांगून कोणी नेले तर नेऊ द्यावे. खरे बोल असे मी कोणाला सांगावे?

कलम सहावे. खड्याविषयी.

तो कोणाला देता येत नाही. तो कुठे आहे ते सांगतो, पण तो काढू नये.

चोरीनंतर तीन वर्षांनी आमच्या गावी, नोंग ताखियनला, विहाराचे नवे उपोसथगृह, म्हणजे भिक्खूंच्या विधींची वास्तू, झाले. तिची पवित्र हद्द आखणारे सीमेचे गोल दगड पुरायचा सोहळा होता. गावोगावची माणसे आली. दगडांना सोन्याचा वर्ख लावला, खड्ड्यात सुया टाकल्या, बुद्धी तीक्ष्ण व्हावी म्हणून, दोरा टाकला, पेन्सिली, बोटातल्या अंगठ्या. मधला मोठा दगड बुद्धमूर्तीच्या पुढ्यात, गृहाच्या मधोमध पुरतात. मी त्या खड्ड्याशी वाकलो आणि सुयांच्या पुडीबरोबर खडा सोडला. मला वाटले, दान झाले. ओझे उतरले.

चोरीची वस्तू दान करता येते असे फक्त चोरालाच वाटू शकते. दगड वरून बसला आणि त्याच क्षणी मला कळले की आता परत करायचा मार्गही मी पुरून टाकला.

दोन वर्षांपूर्वी फौजदार निवृत्त झाले आणि एका वर्षावासासाठी, पावसाळ्यातल्या तीन महिन्यांपुरते, चीवर घ्यायला आमच्याच विहारात आले. लुआंग पोंना सगळा प्रांत मानतो, त्यात नवल नाही. मिरवणुकीत फौजदारांच्या डोक्यावर छत्री धरायला लुआंग पोंनी मला सांगितले. मी धरली. मुंडण केलेले डोके, पांढरे कपडे, हातात कमळे. चालता चालता ते हळूच म्हणाले, “चोरानं धरली तरी छत्रीची सावली पडतेच, काय?” आणि हसले.

आत गेल्यावर ते मधोमध, मूर्तीसमोर गुडघे टेकून बसले. ज्याच्यासाठी त्यांनी बढती घालवली, नाव घालवले, तो खडा त्यांच्या गुडघ्यांखाली पुरुषभर खोल होता. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवले. मी दारातून पाहत होतो. पळून गेलो नाही एवढेच.

पुढे लुआंग पोंना मी सर्व सांगितले. विचारले, सीमा बाटली का?

ते अंगण झाडत होते. “सीमा दगडांनी होत नाही रे. आतल्या भिक्खूंच्या एकमतानं होते. तुझा खडा खाली गांडुळांपाशी आहे, त्याला काही त्रास नाही. तू वर आहेस.”

“मग मी काय करू?”

“ज्याचं घेतलंस त्याला दे.”

“खडा तर—”

“खड्याचं कोण बोलतंय?”

“तुम्हाला सांगितलं, यानं काही हलकं होत नाही का, लुआंग पो?”

“पाप ऐकवायचं असेल तर नदीपलीकडे पाद्री आहेत. माझ्याकडे झाडू आहे. घेतोस?”

मी झाडू घेतला. सगळे अंगण झाडले. हलके झाले नाही.

कलम सातवे. लमुनविषयी.

नोंग ताखियनची मँगोस्टीनची झाडे वडिलांची आहेत. ती तुझी. आईचे चांदीचे सुपारीदान तुझे. ते चोरीचे नाही, मनात आणू नकोस.

तू दरवर्षी विचारतेस, “पी विन, तुम्ही लग्न का नाही केलंत?” ज्याला झोपेत काय बोललो याची भीती असते त्याने शेजारी कोणाला झोपवू नये. आता कळले असेल.

कलम आठवे. अंत्यविधीविषयी.

मी तुरुंगात गेलो आणि तिथेच संपलो तर देह नोंग ताखियनला आणावा. चितेआधी लोक मृताच्या उजव्या तळहातावर सुगंधी पाणी घालतात. माझा उजवा हात चादरीखाली झाकून ठेवावा आणि पाणी डाव्या हातावर घालावे. उजवा हात एकदा पवित्र पाण्यात गेला आहे. पाण्याने त्याला बरेच दिले, त्याने पाण्याला काय दिले ते वर लिहिले आहे.

पठण लहान करावे. जेवणात चामुआंगच्या पानातले डुकराचे मटण असावे. फौजदारांना ते आवडते.

कलम नववे. साक्षीदारांविषयी.

गेली काही वर्षे, बदलीवरून परत आल्यापासून, फौजदार सवेंग दर रविवारी माझ्या शेडमध्ये येतात. स्टुलावर बसतात. एकच प्रश्न विचारतात.

“आज सांगतोस?”

“काय सांगू, पी?”

“बरं. मग कॉफी सांग.”

चीवर उतरवल्यावरच्या पहिल्या रविवारीही आले. “तीन महिने ध्यान केलं लेका. डोळे मिटले की तुझी मूसच दिसते,” म्हणाले. मला खोकला लागल्यापासून येताना ते मध आणतात. मी तो पितो. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपे गेले असते.

मला त्यांना काहीतरी ठेवायचे होते. घर ठेवावे, झाडे ठेवावीत, असे मनात येऊन गेले. पण जिल्हा कचेरीतल्या कारकुनाने सांगितले की जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तसा कायदा आहे. तेव्हा मला निवड करावी लागली.

फौजदार सवेंग यांना या मृत्युपत्रातून काहीही ठेवलेले नाही. ते माझे साक्षीदार आहेत. नऊ वर्षे ते खरे सांगत होते आणि त्यांच्या बाजूने एकही साक्ष नव्हती. ती ही.

दुसरे साक्षीदार म्हणून शाळेचे निवृत्त मास्तर येणार आहेत. त्यांना विचारून ठेवले आहे.

चोरीच्या खटल्याची मुदत दहा वर्षे. पुढच्या जत्रेला ती संपते. त्यानंतर बोललो तर ती कबुली नव्हे, गोष्ट होईल. म्हणून या वर्षी.

कलम शेवटचे.

हे कलम मी मंडपात, जत्रेच्या पहिल्या सकाळी, आताच जे घडले त्यानंतर, मांडीवर कागद ठेवून लिहीत आहे. अक्षर वाकडे आले तर तो खोकला समजावा, दडपण नव्हे.

सर्वांनी पाच शीले म्हटली. मी दुसऱ्या, न दिलेले न घेण्याच्या, शीलाच्या वेळी गप्प राहिलो. मग उठून म्हणालो, “मला काही वाचायचं आहे.” लुआंग पोंनी हातातला पंखा खाली ठेवला. मी दुसरे कलम वाचले, तिसरे, सहावे. डुरियनवाल्यांचा आरडाओरडासुद्धा थांबला. हिया कुआंग कुठूनतरी म्हणाला, “म्हणजे रेशीम खरंच होतं?” 

फौजदार मागच्या खांबाशी उभे होते, हातात पिशवीतली बर्फाची कॉफी. ते सावकाश पुढे आले, कागद घेतला आणि भट्टीचे कलम स्वतः पुन्हा वाचले. बराच वेळ लागला. मी म्हणालो, “पी, ती आग—”

“पेटव म्हणालो मी,” ते म्हणाले. “पेटवलीस तू.”

मग खिशातला पेन काढत, “एक वर्ष कळ काढली असतीस तर सुटला असतास, येड्या.”

“म्हणून तर, पी.”

त्यांनी सही केली. मास्तर पुढे सरले, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला, “तो पेन इकडे दे.”

कुन नाय प्रयोंग आता ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर गेलो. “कुन नाय, तुम्ही सही केलीत तर घर तुम्हाला मिळणार नाही.”

“तुझं घर घेऊन काय करू? माझ्या सुनांना डिझेलचा वास सोसत नाही.” त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. फौजदारांकडे बघत होत्या. “फौजदार, डोळ्यांना औषध घाला म्हणाले होते मी.”

“घातलं, कुन नाय. फरक पडला नाही.”

“मला त्याच दुपारी कळलं होतं. लग्नापासून छातीवर मिरवलेला खडा मला ओळखू येणार नाही होय?”

“मग बोलला का नाहीत?”

“गाव काय म्हणालं असतं?”

“ते गाव मला म्हणालं,” फौजदार म्हणाले.

 कुन नायच्या पुढच्या काचेच्या पेटीत माझा खडा आजही चमकत होता. त्यांनी सुनेला सांगून पेटीवर कापड टाकायला लावले. मग पेन मागितला, आणि नावापुढे काय लिहायचे ते मला विचारले नाही.

दोन साक्षीदारांनी एकमेकांसमोर आणि माझ्यासमोर सही केली. कुन नायनी साक्ष दिल्याने पहिल्या कलमातले घर लमुनला जाते. लमुन खांबाशी रडते आहे. तिने अजून रागवायचे आहे.

फौजदारांनी आज तो प्रश्न विचारला नाही. मी उठतो आहे. पोलीस ठाणे समोरच आहे, पण ते म्हणतात, मी येतो बरोबर. दाराशी बंदोबस्ताची दोरी आहे. त्यांनी ती माझ्यासाठी वर धरली आहे. माझे हात रिकामे आहेत.

स्थळ: रत्नबाजार मंडप, चांताबुरी
दिनांक: ३० मे, बुद्धसंवत २५६८, शुक्रवार

मृत्युपत्र करणार:
तविन पोंगसाई

साक्षीदार:
१. सवेंग तोंगखाम, निवृत्त फौजदार
२. प्रयोंग, जिचा पुष्कराज चोरीला गेला ती